छपरीच्या बाजूचा तट्टा

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी मी घरापुढच्या छपरीत मेथी निवडत बसले होते. फाटकाशी एक माणूस मोटारसायकल थांबवून उतरला. मागच्या सीटला दोरीनं बांधलेली पाण्याची मोटार त्यानं सोडली, पोटाशी धरून आत आणली, पायरीवर ठेवली आणि घाम पुसत म्हणाला, "रिवाइंडिंग आजच्या आज होऊन जाईल का, बाई? मिरची सुकून राहिली."

मी म्हटलं, "हे घर आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या डावीकडं पाहिलं. तिथं बराच वेळ पाहिलं. "माफ करा. मले वाटलं दुकान होय," असं म्हणून त्यानं मोटार पुन्हा उचलली. तो गेल्यावर पायरीवर काळ्या ऑइलचा गोल डाग राहिला.

खाटेवर बसलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे, खो खो हसले. मला हसू आलं नाही. कारण तो माणूस चुकला नव्हता. अर्जुनी मोरगावच्या नव्या लेआउटमध्ये आम्ही घर बांधलं तेव्हा मी त्याचा दर्शनी भाग कागदावर तीनदा काढला होता. छपरी, दोन पायऱ्या, डाव्या कोपऱ्यात चाफा. चाफ्याच्या जागी आज काय होतं? विटांच्या उंच ओट्यावर काळी प्लास्टिकची टाकी. तिच्या पायथ्याशी बोअरवेलचं तोंड आणि त्यातून निघालेले निळे-पांढरे पाइप. शेजारी मोटारीचा स्टार्टर, त्याच्या डबीचं झाकण तारेनं बांधलेलं. त्याच्यावर लाइटचं मीटर. खिडकीला लोखंडी स्टँडवर गंजलेला कुलर, आणि कुलरच्या डोक्यावर भिंतीत ठोकलेलं एसीचं बाहेरचं डबडं. शिवाय एक शिडी, कारण रोज काहीतरी बिघडायचं आणि शिडी आत नेणं कोणालाच परवडत नव्हतं.

हे सगळं माझ्या नवऱ्यानं एकेक करून तिथं आणलं. त्याचं खताबियाण्याचं दुकान आहे आणि त्याच्या दृष्टीनं वस्तू चालते की नाही एवढाच प्रश्न असतो. "मागं लाव ना," असं मी दर वेळी म्हणायची. तो दर वेळी सांगायचा की मागं लावलं तर वायर लांब पडते, पाइप लांब पडतो, मेकॅनिकला जायला जागा नाही. प्रत्येक वेळी त्याचं बरोबर असायचं. अशा पंधरा बरोबर गोष्टी एकत्र झाल्या की घराचं पंपहाउस होतं, हे मात्र त्याला कधी दिसलं नाही.

त्या रविवारी दुपारी तो जेवायला आला तेव्हा मी सांगितलं, "मी समोर कुंपण घालणार आहे. ते सगळं झाकणार आहे."

"काऊन? चालू तं आहे सगळं."

"चालू आहे म्हणूनच लोक मोटारी घेऊन येतात."

तो मामाजींकडं पाहून हसला. बापलेक हसले की दोघंही सारखेच दिसतात आणि मला दोघांचाही सारखाच राग येतो.

मी आधी हिरवी जाळी लावून पाहिली, रोपवाटिकेला लावतात तसली. चार बल्ल्या रोवून तारेनं ताणली. दोन आठवडे बरी दिसली. मग सोसाट्याचं वावधन आलं आणि जाळी कुलरच्या पंख्यात जाऊन अडकली. पंख्याचं एक पातं वाकलं. नवऱ्यानं ते वाकलेलं पातं आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मग पत्र्यांचा विचार केला, तर शेजारच्या काकांनी आधीच बजावलं, "वहिनी, पत्रा मत लगाओ, ऊन परतून आमच्या बैठकीत येईल." काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक अरुंद गल्ली आहे, तिच्यातून दोघांची नाली जाते, आणि त्या नालीवरून दोन्ही घरांत जुनं दुखणं आहे. मी पत्रा सोडून दिला.

शेवटी बांबू ठरला. आमच्या शाळेच्या वाटेवर एक म्हातारी बाई झाडाखाली बसून सुपं, टोपल्या आणि कुंपणाचे तट्टे विणते. तिला मी मावशी म्हणते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तिला रिक्षात घालून घरी आणलं. मावशीनं मोजपट्टी मागितली नाही. हातानं मोजत रस्त्याच्या बाजूनं गेली, मग वळून छपरीच्या बाजूला आली आणि थांबली.

"इकडून पण पायजे?"

"इकडून पण."

"इकडून कायले, बाई? इकडून तं तुमचेच लोक पाहतेत."

"मलाच नको दिसायला," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. रस्त्यावरून जाणारा दोन सेकंद पाहतो. मी तिथं बसून वह्या तपासते, चहा पिते, आल्यागेल्याशी बोलते. ते डबडं, त्या वायरी, ते तारेनं बांधलेलं झाकण, सगळं माझ्या डोळ्यासमोर असायचं.

मावशीनं खांदे उडवले आणि कामाला लागली. आठवडाभर आमच्या अंगणात बांबू चिरण्याचा आवाज येत राहिला. ती बांबू उभा धरायची, कोयत्याचा एक ठोका द्यायची आणि तो वरपासून खालपर्यंत आपोआप फाटत जायचा. कामट्या तासून पिवळ्याधमक झाल्या. विणही तिनं साधी घेतली नाही. आडव्या कामट्या दोन वर, दोन खाली, अशी तिरकी नक्षी उतरत जायची. दोन तट्टे झाले, माझ्या डोक्याहून हातभर उंच. एक रस्त्याकडं, एक छपरीकडं, मध्ये कोन. मागं जायला रस्त्याच्या बाजूनं छोटं दार.

फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी मी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि माझं घर पाहिलं. पहिल्यांदा ते मी कागदावर काढलेल्या घरासारखं दिसत होतं. मी आत येऊन मामाजींना विचारलं, "कसं वाटतं?"

ते खाटेवर बसून तट्ट्याकडं पाहत होते. "चांगलं विणलं आहे," म्हणाले.

एवढंच. मला तेवढं पुरलं.

इथं मामाजींच्या खाटेबद्दल सांगायला हवं, कारण तेव्हा मी तिचा विचारच केला नव्हता. सासूबाई गेल्यावर चार वर्षांपूर्वी ते गावाहून आमच्याकडं आले. गाव इटियाडोहच्या कालव्यावर आहे, एसटीनं पाऊण तास. तिथलं शेत पुतण्या करतो. सगळं आयुष्य त्यांनी पाण्यामागं फिरून काढलं होतं. पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ जाईल, पाटावरचं कोणाचं दार कधी बंद होईल, यावर गावात त्यांचा शब्द चालायचा. आमच्याकडं आल्यावर त्यांना काम राहिलं नाही. दुकानात बसवलं तर गिऱ्हाइकांना खरं बोलायचे. "हे बियाणं कायले नेतेस, मागच्या साली तुयं उगवलं होतं का?" नवऱ्यानं हात जोडले.

मग त्यांनी स्वतःहून टाकीचं काम घेतलं. सकाळी मी शाळेत गेले की ते मोटार सुरू करायचे. स्टार्टरपासून खाटेपर्यंत चार पावलं. खाटेवर बसून टाकीच्या वरच्या पाइपाकडं पाहत राहायचे. त्यातून धार पडली की टाकी भरली. उठून बंद करायचे. चार वर्षांत टाकी कधी वाहिली नाही की कधी रिकामी राहिली नाही. आम्ही ते इतकं गृहीत धरलं होतं की त्याला काम म्हणतात हेसुद्धा विसरलो होतो.

तट्टा लागल्यावर नवऱ्यानं स्टार्टरची एक बटणपट्टी छपरीत काढून दिली, म्हणजे मामाजींना दारातून मागं जावं लागू नये. आम्हाला वाटलं, सोय केली. बटण छपरीत आलं, पण पाइप तट्ट्याआड गेला. हे वाक्य आता किती सोपं वाटतं. तेव्हा घरातल्या तीन माणसांपैकी एकाला ते कळत होतं, आणि तो एक बोलत नव्हता.

मार्च संपता संपता कटकटी सुरू झाल्या. पहिली एसीची. दर पंधरा मिनिटांनी तो बंद पडायला लागला. गोंदियाहून मेकॅनिक आला, दारातून वाकून मागं शिरला आणि लालबुंद होऊन बाहेर आला. "मॅडम, इसका दम घुट रहा है. गरम हवा बाहर जाती नहीं, वापस वही खींच रहा है. ये इधर वाला हटाना पड़ेगा." त्यानं छपरीच्या बाजूच्या तट्ट्यावर हात ठेवला.

"नाही हटणार," मी म्हटलं.

"तो फिर एसी मत चलाइए."

"नाही चालवणार."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "मी म्हटलं होतं," तो म्हणाला. त्यानं काहीही म्हटलं नव्हतं. तो फक्त हसला होता. पण आमच्या घरात गोष्ट बिघडली की त्यानं ती आधीच म्हटलेली असते. आम्ही एसी बंद ठेवून कुलरवर दिवस काढायला लागलो. कुलरलाही हवा कमी पडायची, खोलीत दमट वाफ भरायची. मी ओल्या टॉवेलनं मान पुसत वह्या तपासायची आणि कोणी तट्ट्याचं नाव काढलं की अंगावर जायची. मीटर वाचायला येणारा माणूस दार न सापडल्यामुळं परत गेला. मीटर कुठं आहे याचा बाण खडूनं तट्ट्यावर काढावा लागला. माझ्या पिवळ्याधमक तट्ट्यावर खडूचा बाण!

दुसरी कटकट पाण्याची. कधी दुपारी नळाला पाणी नसायचं, टाकी अर्धीच भरलेली. कधी मी शाळेतून यायची तर गल्ली ओली. एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. भर उन्हात बारा वाजता घरी यावं, तोंडावर पाणी मारायला नळ सोडावा आणि नळानं फुसकन हवा सोडावी, यासारखा संताप नाही.

"मामाजी, मोटार लावली नव्हती का?"

"लावली होती."

"मग?"

"लाइन गेली असन."

लाइन गेली नव्हती. मला ठाऊक होतं, कारण फ्रिज थंड होता. मी पुन्हा बटण दाबलं.

असं सात-आठदा झालं असेल. मग एके दुपारी घरी आले तर शेजारचे काका फाटकाशी उभे. त्यांच्या घरासमोर चिखल झालेला, आणि त्यांनी वाळायला घातलेल्या कुरड्यांची चटई त्या चिखलात.

"वहिनी, ये क्या रोज का लगा रखा है? आमच्या घरच्यांनी चार दिवस खपून केलं होतं ते. तुम्ही समोरून घर सजवता अन् मागचं पाणी आमच्या दारात सोडता?"

मी माफी मागितली. चटई उचलून धुऊ लागले. कुरड्या विरघळून गेल्या होत्या. काका बोलत राहिले, नालीपासून सुरू करून घर बांधतानाच्या रेतीपर्यंत गेले. चूक आमची होती. ती सगळी आग पोटात घेऊन मी छपरी चढले. मामाजी खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण काका ओरडूनच बोलत होते.

"मामाजी," मी म्हटलं, "दिवसभरात तुम्हाला एकच काम आहे. तेही होत नसेल तर राहू द्या."

मी असं कधी बोलले नव्हते. शाळेत पोरांना बोलते त्या आवाजात बोलले. मग त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी आत जाऊन नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं की टाकीला आपोआप बंद होणारं यंत्र आजच्या आज बसव.

बसवलं. टाकीत एक फुगा तरंगतो, पाणी वर आलं की मोटार बंद, खाली गेलं की सुरू. नवरा खूश झाला. "हे आधीच करायला पायजे होतं," म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी पिशवीत दोन धोतरं भरली, "धान कापणीवर आलं आहे, पाहून येतो," असं सांगितलं आणि पहिल्या एसटीनं गावाला गेले. कापणीला अजून तीन आठवडे होते. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. मी डबा भरून दिला. त्यांनी तो घेतला. मी शाळेत गेले.

चार-पाच दिवस गेले. टाकी वाहत नव्हती, नळाला पाणी होतं. सगळं व्यवस्थित चाललं होतं आणि मी दिवसभर चिडलेली होते. खाट रिकामी पाहिली की चिडायची. त्यांना फोन केला की ते "हो, हो, बरा आहो" म्हणून पुतण्याच्या हातात फोन द्यायचे. नवरा म्हणायचा, "येतीन ना. गावाकडं मन रमते त्यांचं." त्याला मी काय बोलले हे माहीतच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी शेजारच्या काकू वाटीत आंब्याचं लोणचं घेऊन आल्या. कुरड्यांनंतर पहिल्यांदाच. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुमचे सासरे दिसत नाहीत? कोपर बरा झाला का त्यांचा?"

"कुठला कोपर?"

काकू गोंधळल्या. "तुम्हाला सांगितलं नाही? होळीनंतरची गोष्ट. तुम्ही शाळेत होत्या. टाकी भरली का ते पाहायला ते खाली उतरून त्या दारातून मागं जात होते. ओल्यात पाय घसरला. आमच्या यांनीच उचलून बसवलं. कोपर चांगला सोलला होता. तर तुमचे सासरे म्हणाले, घरी सांगू नका, उगाच तट्टा काढतीन."

काकू गेल्यावर मी मामाजींच्या खाटेवर जाऊन बसले. त्यांच्या उशाच्या जागी. समोर पाहिलं. तट्टा. डावीकडं वाकून पाहिलं, तट्टा. उभी राहिले, तरी तट्टा. दोन वर, दोन खाली, तिरकी नक्षी. दोन महिने त्या माणसानं रोज सकाळी मोटार लावून या नक्षीकडं पाहत अंदाज बांधला होता. कानांना त्यांच्या कमी ऐकू येतं, धार पडल्याचा आवाज येणं शक्य नव्हतं. कधी लवकर बंद केली, कधी उशिरा. जे काम त्यांना डोळ्यांनी येत होतं ते मी त्यांना डोळे बांधून करायला लावलं होतं आणि वरून नापास केलं होतं.

मला रडू यायला हवं होतं. पण आला तो रागच. स्वतःचा आला, नवऱ्याचा आला, लोणचं आणेपर्यंत थांबलेल्या काकूंचा आला, आणि सगळ्यात जास्त मामाजींचा आला. तोंड होतं ना?

रविवारी सकाळच्या एसटीनं गावाला गेले. पुतण्याची बायको म्हणाली, "मोठेबाबा पाटावर आहेत. दिवस उगवला का तिकडंच जातेत." यंदा उन्हाळी धानाला पाणी सोडलं होतं. बांधावरून चालत गेले. दोन्ही बाजूंना पिवळसर धान, आणि मामाजी पाटाच्या काठावर पळसाच्या सावलीत टोंगळे उभे करून बसलेले. समोर एक लोखंडी दार, त्याखालून पाणी बांधीत जात होतं. मला पाहून त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून काठावर पसरला. मी त्याच्यावर बसले नाही. उभीच राहिले.

"कोपर दाखवा."

"कायचा कोपर?"

"मामाजी, दाखवा."

त्यांनी बाही वर केली. खपली पडून गुलाबी कातडं आलं होतं.

"सांगितलं काऊन नाही?" मी ओरडलेच. त्यांचीच बोली माझ्या तोंडातून निघाली. मी मूळची वर्ध्याची, वीस वर्षं इथं राहून कधी अशी बोलले नव्हते. "दिसत नाही एवढं सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी बाही खाली ओढली. मग म्हणाले, "कसं सांगू? तू शाळेतून दमून येत होतीस. फाटक उघडलं का पयले त्या तट्ट्याकडं पाहत होतीस. अन् तुयं तोंड हसरं होऊन जात होतं. मी म्हणू का, काढून टाक?"

"म्हणायचं!"

"तूच तं मेकॅनिकले म्हणलीस, नाही हटणार."

मी पायानं बांधावरचं ढेकूळ फोडलं.

"अन् मंग तू म्हणलीस, होत नसन तं राहू द्या," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तं राहू देल्लं."

मी त्या दुपट्ट्यावर बसले. पाटातून एक वाळकी फांदी वाहत आली आणि दारात अडकली. त्यांनी वाकून ती काढली, झटकली आणि काठावर ठेवली. मी म्हटलं, "माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं."

"हं," ते म्हणाले. नाही नाही, तुझं काय चुकलं, असं काही म्हणाले नाहीत. आमच्याकडं तशी पद्धत नाही. चुकलं असेल तर चुकलं.

"घरी चला."

"अजून पाच-सहा दिवस पाणी आहे. मंग येतो."

मी एकटीच परतले. एसटीतून उतरले ती तडक नवऱ्याच्या दुकानात गेले, तार कापायची पक्कड घेतली आणि घरी आले. छपरीच्या बाजूचा तट्टा चार खांबांना तारेनं बांधलेला होता. मावशीनं प्रत्येक गाठ आत दुमडून घट्ट केली होती. एकेक तार कापायला मला घाम फुटला. नवरा मागून आला.

"काय करून राहिली?"

"काढते आहे."

"मी म्हटलं होतं..."

"तू काहीही म्हटलं नव्हतंस," मी पक्कड हातात धरून वळले. "तू हसला होतास. वडील पडले हे तुला माहीत नाही, मलाही माहीत नव्हतं. त्यांना काय दिसतं हे आपण दोघांनी एकदा खाटेवर बसून पाहिलं नाही. तू वायर मोजलीस आणि मी नक्षी पाहिली. आता धर त्या टोकाला."

त्यानं धरलं. पाटावर काय बोलणं झालं ते त्याला मी तो तट्टा मागच्या सांदवाडीत नेताना सांगितलं. मी मामाजींना काय बोलले होते तेही. त्यानं तट्टा भिंतीला टेकवला आणि तिथंच उभा राहून म्हणाला, "मले वाटलं, ते खरंच धान पाहायला गेले." मग जाऊन कापलेल्या तारा गोळा करू लागला. एसी संध्याकाळी न थांबता चालला.

सहाव्या दिवशी मामाजी आले. पायऱ्या चढून खाटेवर बसले, समोर पाहिलं. टाकी, पाइप, स्टार्टर, वायरी, कुलर, सगळं पुन्हा उघड्यावर. मला वाटलं काही म्हणतील.

"एवढा चांगला तट्टा. कायले काढला?" म्हणाले.

मी कपाळाला हात लावला.

आणखी एक भांडण उरलं होतं, त्या फुग्याचं. मी म्हटलं, काढून टाकू या. नवरा म्हणाला, चालू वस्तू कोणी काढतं का, मोटार वाचते त्यानं. दोघंही बरोबर, आणि दोघंही हटायला तयार नव्हतो. त्या यंत्राला एक छोटा खटका आहे, आपोआप की हातानं, असा. मी सकाळी शाळेत जाताना तो खाली करते. मामाजी मोटार लावतात, पाहत बसतात, धार पडली की बंद करतात. नवरा दुपारी जेवायला आला की खटका वर करून जातो. मी दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली करते. यावर आम्ही कधी बोललो नाही. या घरात महत्त्वाच्या गोष्टींवर बोलण्याची रीतच नाही, आणि मी वीस वर्षांत तीच शिकले आहे.

पावसाळ्यात सांदवाडीतल्या तट्ट्याला उधई लागली. दिवाळीआधी मी तो जाळून टाकला. रस्त्याकडचा मात्र टिकला, फक्त खालच्या कामट्या कुजल्या. त्या बदलायला मावशीला पुन्हा आणलं. तिनं छपरीकडची मोकळी बाजू पाहिली.

"अन् हा कोठी गेला?"

"काढला, मावशी. एकच पुरे."

"दुसरा करून देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "नकोच आता."

तेवढ्यात खाटेवरून मामाजी म्हणाले, "कर म्हणा ना. बुटका कर. कमरेएवढा. पाइप वर आहे, तो दिसते. एसीलेही हवा लागते. अन् हिले त्या वायरी नाही दिसत."

मावशी म्हणाली, "हो, तसं होते."

कमरेएवढा. एवढा एक शब्द. फेब्रुवारीत, मावशी हातानं मोजत असताना, ते याच खाटेवर याच जागी बसलेले होते.

"मामाजी, हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तवा मले कोणी पुसलं?" ते म्हणाले, आणि मावशीला बांबू कुठला आणला ते विचारू लागले.